लिहिलं होतं ५५ ग्रॅम, काट्यावर भरला ८९

माऊस काट्यावर ठेवला तेव्हा आकडा आला ८९. साइटवरच्या त्याच्या विक्रीच्या पानावर, म्हणजे लिस्टिंगवर, ठळक अक्षरांत ५५ ग्रॅम लिहिलं होतं. मला वाटलं काटाच बिघडलाय. तो बंद करून पुन्हा चालू केला, ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असा माझा फोन ठेवून पाहिला, फोन बरोबर भरला. माऊस परत ठेवला. ८९. हे मी केलं माऊस घरी आल्यानंतर एकविसाव्या दिवशी, आणि परत करायची मुदत होती दहा दिवसांची. माल खोटा होता हे खरंच, पण माझे पैसे बुडाले ते त्या दहा दिवसांत मी वाट पाहत बसले म्हणून. ती वाट माझ्याकडून कशी बघवून घेतली, ते तुम्हाला कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी दिवसभर व्हिडिओ एडिटिंग करते. टाइमलाइनवर एकेक क्लिप पकडायची, दोन फ्रेम मागे, तीन फ्रेम पुढे, असं आठ-नऊ तास चालतं. रात्री धाकट्या भावाबरोबर शूटिंगचे गेम खेळते. जुना माऊस वायरचा, १२० ग्रॅमच्या आसपासचा. गेममध्ये मी सेन्सिटिव्हिटी कमी ठेवते, त्यामुळे पूर्ण वळायचं तर माऊस पॅडच्या कडेपर्यंत न्यायचा, उचलायचा, परत मध्ये आणून ठेवायचा. एका सामन्यात हे शेकडो वेळा होतं आणि प्रत्येक वेळी ते वजन अंगठा आणि करंगळीवर येतं. मनगट ठणकायला लागलं, तेव्हा हलका वायरलेस माऊस घ्यायचं ठरवलं. काम आणि खेळ दोन्ही एकाच माऊसवर व्हायला हवं होतं.

५५ ग्रॅम हा आकडा वाचून मला शंका का आली नाही, तेही सांगते. तो अशक्य नाहीच. काही वर्षांपूर्वी हलका माऊस म्हटलं की मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेलं कवच असायचं. मग २०२० मध्ये लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट भोकं न पाडता ६३ ग्रॅमच्या आत आला. २०२२ मध्ये रेझरचा वायपर व्ही २ प्रो ५८ ग्रॅमवर, आणि २०२४ मध्ये त्याचा पुढचा वायपर व्ही ३ प्रो ५४ वर. शिवाय फारसं नाव नसलेल्या कितीतरी छोट्या कंपन्या पिक्सआर्टचा पीएडब्ल्यू ३३९५ हा उत्तम सेन्सर (माऊसची हालचाल टिपणारी चिप) टाकून प्रामाणिक माऊस स्वस्तात विकतात. त्यामुळे ‘कंपनी अनोळखी म्हणजे माल खोटा’ असा सरळ हिशोब करता येत नाही. माझ्या सेलरने नेमके तेच आकडे लिहिले होते: ३३९५ सेन्सर, २६००० डीपीआय (एक इंच सरकल्यावर माऊस किती टप्पे मोजतो तो आकडा), १००० हर्ट्झचा पोलिंग रेट, ५०० एमएएचची बॅटरी, ५५ ग्रॅम. एकही आकडा न पटण्यासारखा नव्हता.

रिव्ह्यू मात्र नीट वाचायला हवे होते. साडेचार स्टार आणि ढीगभर रिव्ह्यू एवढं बघून मी निवांत झाले. त्यांत एकाने लिहिलं होतं, ‘केबल छान लांब आहे.’ वायरलेस माऊसची केबल? मी मनाची समजूत घातली की चार्जिंगच्या केबलबद्दल म्हणत असेल. दुसऱ्या एकाने टाकलेल्या फोटोत माऊसचा आकारच वेगळा होता. जुन्या, चांगल्या खपलेल्या वस्तूच्या पानावर नाव आणि फोटो बदलून नवीनच वस्तू विकायला ठेवतात, आणि जुने स्टार आयते वारशाने मिळतात. हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी सर्वांत नवे रिव्ह्यू आधी वाचते आणि लोकांनी टाकलेले फोटो विकायला ठेवलेल्या वस्तूशी ताडून बघते. एवढ्याने बराच खोटा माल दारातच कळतो.

माऊस आला. हातात घेतला आणि खरंच हलका वाटला! इथेच पहिली चूक झाली. १२० ग्रॅमची सवय असलेल्या हाताला ८९ ग्रॅम पिसासारखेच वाटणार. हात आधीच्या माऊसशी तुलना करतो, ग्रॅम मोजत नाही. घरात काटा असूनही तो काढावा असं माझ्या मनातही आलं नाही.

पहिले दोन दिवस कामात काही जाणवलं नाही, कारण एडिटिंगमध्ये हात सावकाश फिरतो. तिसऱ्या रात्री खेळायला बसलो. मागून पावलांचा आवाज आला, मी झटक्यात वळले, आणि पडद्यावर एकदम निळं आकाश. शत्रू सोडाच, जमीनही दिसेना. त्या फेरीत भाऊ आधीच बाद होऊन माझाच पडदा बघत होता. तो हेडफोनमधून ओरडला, “ताई, वर काय बघतेस?” मी वर बघत नव्हते. माझा हात आडवाच गेला होता. दहा मिनिटांनी पुन्हा तसंच झालं, या वेळी नजर थेट पायाशी. शिवाय हात जरा थांबला की माऊस झोपायचा, आणि पहिला अर्धा सेकंद कर्सर हलायचाच नाही.

त्याच रात्री मी सेलरला मेसेज केला. उत्तर पाच मिनिटांत, अगदी अदबीने आलं: डोंगल (माऊसचा सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा) कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावलाय का? यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला अडथळा येतो, एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल माऊसजवळ ठेवा. हे खोटं नाही. यूएसबी ३ चा गोंगाट त्याच पट्ट्यात पसरतो हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय, आणि डोंगल माऊसच्या जवळ ठेवणं कुठल्याही वायरलेस माऊसला चांगलंच. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. केबल मागवली, यायला तीन दिवस. काही फरक नाही. मग तो म्हणाला पॅडचा पृष्ठभाग चकचकीत असेल, कापडी पॅडवर बघा. माझं पॅड कापडीच होतं. मग म्हणाला व्हिडिओ पाठवा. पाठवला. त्यावर दीड दिवस गप्प, मग उत्तर: तंत्रज्ञांनी दोष ओळखलाय, सोमवारी फर्मवेअरचं, म्हणजे माऊसच्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट येतंय, कृपया थोडा धीर धरा. सोमवार हा बारावा दिवस होता. त्या दिवशी अपडेट आलं नाही, आणि मी रिटर्नचं बटण शोधायला गेले तर ते पानावरून गेलेलं होतं.

या मेसेजांच्या तारखा आता एकाखाली एक लावून बघते तेव्हा पोटात कालवतं. पहिलं उत्तर पाच मिनिटांत आणि शेवटचं दीड दिवसाने. प्रत्येक वेळी माझ्याकडून काहीतरी करून घ्यायचं, म्हणजे दिवस आपोआप सरतात आणि समोरचा माणूस मदत करतोय असंही वाटत राहतं. त्याने एकदाही ‘परत घेणार नाही’ असं म्हटलं नाही. तसं म्हटला असता तर मी त्याच क्षणी रिटर्न टाकला असता.

मुदत गेल्यावर मी माऊस तपासायला घेतला. वजनाचं वर सांगितलंच. पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो, तो मोजणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. तो चालू करून माऊस जोरात गोल गोल फिरवला, आकडा १२५ च्या वर जाईना. १००० हर्ट्झला दर एक मिलिसेकंदाला खबर येते, १२५ ला आठ मिलिसेकंदांनी. ब्लूटूथवर एवढाच आकडा आला तर तक्रार करू नका, ब्लूटूथचा वेग साधारण तेवढाच असतो. मी डोंगलवर मोजत होते.

मग डीपीआय. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद केलं, टेबलावर पट्टी चिकटवली, माऊस १६०० वर ठेवून पट्टीला घासत बरोबर दहा सेंटिमीटर सरकवला. दहा सेंटिमीटर म्हणजे ३.९४ इंच, तेव्हा मोजणीत साधारण ६३०० यायला हवे. पाच वेळा केलं, पाचही वेळा ४८०० च्या आसपास. चांगल्या माऊसमध्येही थोडा फरक असतो, पण हा चौथा हिस्सा गायब होता. आणि ते २६०००? त्या सेटिंगवर पेंटमध्ये सावकाश एक वर्तुळ काढलं तर त्याच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसल्या. सेन्सरला दिसतं एक पाऊल, आतला प्रोग्रॅम त्याला गुणून दहा-वीस करून पाठवतो. कर्सर मधले पिक्सेल सोडून उड्या मारत जातो, आणि आकडा मात्र डब्यावर छापता येतो.

आकाशाचं कोडंही इथेच सुटलं. खरा ३३९५ सेकंदाला ६५० इंचांपर्यंतचा वेग पकडतो. ऑफिसच्या साध्या माऊसमधले सेन्सर बऱ्याचदा ३० इंचांच्या आसपास हात टेकतात. ३० इंच म्हणजे पाऊण मीटर, आणि झटक्यात मागे वळताना हात त्याच्या कितीतरी पुढे जातो. मग सेन्सर गोंधळून काहीही आकडे पाठवतो. एक्सेल भरताना हे आयुष्यभर कळणार नाही.

शेवटी तळाचे गुळगुळीत पाय उचकटून, खालचे चार स्क्रू काढून मी माऊस उघडला. (तुमची मुदत चालू असेल तर हे करू नका. पाय निघाले की परत घ्यायला नकार द्यायचं आयतं कारण मिळतं.) आत मधोमध गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी होती. सोडवून काट्यावर ठेवली, १४ ग्रॅम. माऊस हातात भक्कम वाटावा म्हणून साध्या माऊसमध्ये अशी पट्टी टाकतात. म्हणजे कुठलातरी साधा माऊस उचलून, त्यातलं वजन काढण्याचेही कष्ट न घेता, तो अतिहलका म्हणून विकला होता. बॅटरीवर ३०० एमएएच छापलेलं. सेन्सरच्या पाठीवरची अक्षरं घासून पुसून टाकलेली होती. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या घासलेल्या खुणांचा. चुकून चुकीचा माल आला असं म्हणायला तिथे जागाच नव्हती. कोणीतरी बसून ती अक्षरं मुद्दाम घासली होती.

साइटकडे तक्रार केली. मुदत संपली, सेलरशी बोलून घ्या, एवढंच उत्तर. मी काट्याचा फोटो लावून एक स्टारचा रिव्ह्यू लिहिला, तेव्हा इतके दिवस गप्प असलेला सेलर दोन तासांत हजर: रिव्ह्यू काढा, अर्धे पैसे परत देतो. मी नाही म्हटलं. माझ्यासारखीच कोणीतरी मनगट धरून तो रिव्ह्यू वाचणार होती. पैसे कार्डाने दिले होते म्हणून बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवला, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, काट्याचा फोटो आणि सगळे मेसेज जोडले. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट मी खरेदीच्या दिवशी सहज काढून ठेवला होता म्हणून बरं, कारण दरम्यान त्या पानावरून सेन्सरचं नाव नाहीसं झालं होतं. बँकेचा निकाल अजून यायचाय.

तुम्ही असा माऊस मागवणार असाल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ मध्ये न थांबवता काढा, आणि त्याच व्हिडिओत माऊस काट्यावर ठेवा. माऊस बॅटरीच्या सेलवर चालणारा असेल तर सेल आत घालून ठेवा. बरेच जण वजन सेल सोडून लिहितात आणि एक साधा अल्कलाइन एए सेलच जवळपास २३ ग्रॅमचा असतो. दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर सोडून द्या. दहाच्या वर फरक असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. चार्जिंगला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावून बघा. फक्त जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलनेच चार्ज होत असेल तर टाइप-सी चार्जरला माऊस जोडल्याचं कळवणारे दोन बारीक रेझिस्टरही आत टाकलेले नाहीत, आणि जिथे तेवढं वाचवलंय तिथे बाकीचंही वाचवलेलं असण्याची शक्यता मोठी. खेळत असाल तर पहिल्याच रात्री गेममध्ये वीस-पंचवीस जोरदार झटके देऊन वळून बघा. आणि काहीही खटकलं तर आधी साइटवर रिटर्नची विनंती टाका, मगच सेलरशी बोला. तो खरंच मदत करणारा असेल तर विनंती नंतर मागे घेता येते. उलटं करायला गेलात तर माझ्यासारखं सोमवारची वाट बघत बसाल.

मागच्या आठवड्यात दुसरा माऊस घेतला, या वेळी कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून. डब्यावर ६० लिहिलंय, ६१ भरला. भावाने शेजारी बसून पट्टी धरली, डीपीआय मोजला, रात्री बारापर्यंत झटके देऊन पाहिले, आकाश दिसलं नाही. जुन्या सेलरचा काल पुन्हा मेसेज आला, आता पूर्ण पैसे देतो म्हणतो, पण रिव्ह्यू आधी काढा. मी बँकेच्या कागदांत तोही जोडलाय. रिव्ह्यू आहे तिथेच आहे, काट्याच्या फोटोसकट.