‘क्लासिक रेसिंग’ ऑइलच्या नावाखाली १३ लिटरची टोपी

ऑइल बदलल्याच्या बिलावर तीनच ओळी आहेत. ‘क्लासिक रेसिंग २०डब्ल्यू-५०, झिंक १८०० पीपीएम, १३ लिटर.’ ‘इंजिन फ्लश, १ लिटर.’ ‘झिंक बूस्टर, ३५० मिली.’ पहिली ओळ दोनदा खोटी, दुसरी इंजिनाला घातक आणि तिसरी पहिलीला खोटं पाडणारी. दर म्हणाल तर साध्या चांगल्या ऑइलच्या तिप्पट.

गाडी एअर-कूल्ड पोर्शे ९११, ३.२ कॅरेरा, म्हणजे १९८४ ते १९८९ मधली. मॉडेल मुद्दाम सांगतोय, कारण ही लूट या इंजिनाच्या घडणीवरच बेतलेली आहे. बाकी जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांनाही हे लोक असंच गाठतात. आधी ‘आजकालच्या ऑइलमध्ये झिंक राहिलं नाही’ हे अर्धसत्य कानावर घालायचं, मग डबा पुढे करायचा.

अर्धसत्य कसं, तेही सांगतो. या इंजिनात कॅमच्या लोबवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यावर, रॉकर नावाच्या दांडीचं तोंड घासत जातं, रोलर नाही. तिथला दाब इतका असतो की नुसता ऑइलचा थर टिकत नाही. झेडडीडीपी नावाचं झिंक-फॉस्फरसचं रसायन धातूवर पातळ संरक्षक थर धरतं, म्हणून लोब वाचतो. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून एपीआयच्या, म्हणजे ऑइलची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, एसएम प्रतीपासून, म्हणजे २००४ पासून, त्यावर ८०० पीपीएमची (दहा लाख भागांत ८००) मर्यादा आली. इथवर विक्रेता खरं बोलतो. पुढचं मात्र गिळतो. ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. काही नावाजलेल्या कंपन्यांच्या २०डब्ल्यू-५० मध्ये १००० ते १२०० पीपीएम फॉस्फरस आजही मिळतो, आणि रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनाला तो पुरतो. डेटाशीट मागा, त्यात आकडा पाहा. नसेल तर तो डबा घेऊ नका.

आता तो क्षण, ज्याची अजून चीड येते. डब्याच्या मागच्या बाजूला एपीआयचं गोल चिन्ह होतं. वरच्या अर्ध्यात ‘सर्व्हिस एसपी’, मधे ‘२०डब्ल्यू-५०’, खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’. त्याच्याच शेजारी लाल पट्टीत ‘झिंक १८०० पीपीएम’. चोर स्वतःच कबुलीजबाब छापून मोकळा झाला होता. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ हा इंधनबचतीचा शेरा फक्त पातळ ग्रेडना मिळतो, ५० ग्रेडला मिळूच शकत नाही. आणि तो शेरा हवा तर फॉस्फरस ८०० च्या आत हवा. झेडडीडीपीत झिंक हे फॉस्फरसच्या साधारण १.१ पट असतं. म्हणजे झिंक १८०० असेल तर फॉस्फरस १६०० च्या घरात. एकाच डब्यावर ८०० च्या आत आणि १६०० सुद्धा! हे तिथल्या तिथे, कागद-पेन न घेता कळण्यासारखं होतं. पण गाडी लिफ्टवर, दोन्ही ड्रेन प्लग उघडलेले, जुनं ऑइल निथळतंय आणि विक्रेता झाकणावर झाकण फोडतोय, अशा वेळी डबा उलटा करून बारीक अक्षरं कोण वाचतं? हे लोक ऑइल आधी दाखवत नाहीत, गाडी रिकामी झाल्यावरच आणतात. ही घाईसुद्धा मुद्दाम आखलेली असते.

म्हणून डबे आधी ताब्यात घ्या, वाचा, मगच प्लग उघडू द्या.

ओततानाही ऑइल बोलत होतं. थंड २०डब्ल्यू-५० डब्यातून जाड, आळशी धारेत उतरतं. धार फनेलमध्ये पडताना वेटोळी घेते आणि डबा सरळ केला तरी तोंडाशी तार धरून राहते. हे ताकासारखं भडाभडा गेलं. धार वेटोळं न घेता सरळ खाली, डबा सरळ केला की लगेच तुटली. यावर खुलासा तयार होता: ‘सिंथेटिक आहे, असंच असतं.’ खोटं. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साधारण १५० सेंटिस्टोक किंवा त्याहून जास्त असते, १०डब्ल्यू-३० ची त्याच्या निम्मी. एवढा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. आणि ‘सिंथेटिक’ या नावावर तर जाऊच नका. अमेरिकेत १९९९ मध्ये एका जाहिरात-वादाचा निकाल लागला आणि ग्रुप तीनच्या, म्हणजे खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया केलेल्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. ते ऑइल वाईट असतं असं नाही. पण त्या एका शब्दासाठी तिप्पट मोजायचं कारण नाही. ‘क्लासिक’, ‘रेसिंग’, ‘हेरिटेज’ या शब्दांमागे तर कुठलीच चाचणी नाही, कोणीही छापावं.

१३ लिटरची भानगड अशी. हे ड्राय संप इंजिन आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी न साठता वेगळ्या टाकीत राहतं. क्रँककेस, उजव्या मागच्या चाकाजवळची टाकी, पुढचा कूलर आणि लांबलचक पाइप मिळून आत साधारण १३ लिटर ऑइल असतं. हा आकडा माहितीपत्रकात सापडतो, म्हणून मालकाला तो पटतो. पण दोन्ही प्लग उघडले तरी कूलर आणि पाइपमधलं ऑइल आतच राहतं. बदलताना जातं साडेनऊ-दहा लिटर. इथे मोजून साडेनऊ गेलं. उरलेलं साडेतीन लिटर बिलात होतं, गाडीत नव्हतं. आणि खरोखरच १३ ओतलं असतं तर आणखी वाईट. जादा ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्ये शिरतं आणि मागे निळ्या धुराचे लोट निघतात.

बरोबर पद्धत अशी: इंजिन गरम करून निथळू द्यायचं, प्लगच्या वॉशर आणि फिल्टर नवे घालायचे, आधी ८ लिटर ओतायचं, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवायचं. मग गाडी सपाट जागेवर, इंजिन आयडलिंगला चालू ठेवूनच डिपस्टिक पाहायची आणि अर्धा-अर्धा लिटर वाढवत जायचं. बंद इंजिनावर पाहिलेली लेव्हल या गाडीत दिशाभूल करते. ‘लेव्हल कमी दिसतेय, अजून दोन लिटर लागेल’ ही हातचलाखी त्यावरच चालते.

फ्लशचं तर विचारूच नका. साध्या इंजिनात फ्लश बऱ्यापैकी निथळून जातो. इथे आतल्या साडेतीन लिटरात तो मिसळून बसतो आणि नवीन ऑइल पातळ करतो. ड्राय संपला फ्लश सुचवणारा माणूस एकतर अडाणी किंवा लबाड. आणि बूस्टर? ऑइलमध्ये १८०० पीपीएम झिंक खरंच असतं, तर वर बूस्टर ओतायची गरजच काय? जास्त झिंक म्हणजे जास्त संरक्षण हेही खरं नाही. फॉस्फरस १४०० पीपीएमच्या पुढे नेला तर फायदा थांबतो आणि आणखी वाढवत नेला तर तो लोखंडालाच त्रास देऊ लागतो. बाटलीतला बूस्टर ओतणं म्हणजे तयार ऑइलचं बिघडवलेलं प्रमाण.

ऑइल प्रेशरच्या गेजने लगेच चुगली केली. इंजिन गरम असताना १००० आरपीएममागे साधारण ०.७ बार, ही जुन्या मेकॅनिकांची मोजणी. ४००० ला २.८ च्या आसपास हवं. दिसत होतं १.८. आयडलिंगला प्रेशर उतरतं ते ठीक, ४००० ला नाही. विक्रेत्याचं उत्तर: ‘सेंडर गेलाय, नवा टाकू.’ या गाड्यांचे प्रेशर सेंडर, म्हणजे गेजला प्रेशर कळवणारे सेन्सर, खरंच खराब होतात, त्यामुळे कोणालाही पटावं असंच ते उत्तर होतं. अशा वेळी सेंडर विकत घेऊ नका. त्याच जागी मेकॅनिकल गेज लावून पाहा. तेही १.८ च म्हणालं. ३.२ मध्ये कॅमची चेन ताणून धरणारे टेन्शनरसुद्धा इंजिनच्या ऑइल प्रेशरवर चालतात, म्हणजे हा खेळ नुसत्या बेअरिंगपुरता नाही.

बिलात १३ लिटर होतं म्हणूनच उरलेले डबे मागता आले. कुरकुरत एक-एक लिटरचे तीन सीलबंद डबे हातात पडले. तिन्हींवर बॅच नंबर एकच, पण लेबलवरची उत्पादन तारीख वेगळी आणि डब्याच्या बुडाशी उमटलेली वेगळी. अल्कोहोलचा बोळा फिरवला तर तारखेची शाई निघून आली. एक डबा लॅबला गेला. अहवालात १०० अंशांना १०.४ सेंटिस्टोक. ५० ग्रेडला किमान १६.३ हवं, १०.४ म्हणजे सरळसरळ ३० ग्रेड. झिंक ७४२ पीपीएम, फॉस्फरस ६६८. स्वस्तातलं १०डब्ल्यू-३०, सोनेरी डब्यात.

आणि मग सुरू झालं सरकारी दाराबाहेरचं उभं राहणं. ग्राहक तक्रार कार्यालय म्हणालं, इंजिनातून काढलेला नमुना चालणार नाही, सीलबंद डब्यातला हवा. लॅबचा अहवाल सीलबंद डब्याचाच होता, तो पुढे ठेवला. तर म्हणे, सील आमच्यासमोर फोडलं नाही. बरं, दोन डबे अजून सीलबंद आहेत, घ्या, तुमच्यासमोर फोडा. तर म्हणे, ऑइल तपासायची सोय आमच्याकडे नाही. वजनमाप खात्याने डबा काट्यावर ठेवला, लिटर पूर्ण भरलं, शेरा मारला ‘माप योग्य’. अहो, तक्रार डब्यातल्या लिटरची नाही, बिलातल्या साडेतीन लिटरची आहे! त्यावर उत्तर, ते सेवेत मोडतं, वस्तूत नाही. पोलिसांनी अर्ज वाचून ‘हा दिवाणी मामला’ म्हणत परत दिला. बनावट तारीख, बनावट चिन्ह, निघून येणारी शाई, हे सगळं दिवाणी? ज्या कंपनीचं नाव डब्यावर होतं तिच्या हेल्पलाइनने विचारलं, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं का? नाही? मग तो माल आमचा नाही. नाव तुमचं, डबा तुमच्यासारखा, आणि त्रास मात्र गिऱ्हाइकाचा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि विक्रेत्याला हे आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतं. म्हणूनच तो निर्धास्त.

तेव्हा पुरावा सुरुवातीपासूनच गोळा करा. ओतायच्या आधी प्रत्येक डब्याचा फोटो: पुढचा, मागचा, बुडाचा, झाकणाखालच्या फॉइलचा. फॉइल कडेने सुरकुतलेली किंवा चिकटवल्यासारखी दिसली तर तिथेच थांबा. एपीआयचं चिन्ह असेल तर त्यांच्या ऑनलाइन यादीत त्या ब्रँडचा परवाना शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. पावतीवर ग्रेड, लिटर आणि बॅच नंबर लिहून घ्या. ‘ऑइल चेंज’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. एक डबा न फोडता जपून ठेवा आणि लॅबला पाठवायचा नमुना कोरड्या, स्वच्छ बाटलीत भरा. व्हिस्कॉसिटीसाठी एएसटीएम डी४४५ आणि मूलद्रव्यांसाठी डी५१८५, या दोन चाचण्या नाव घेऊन मागा. रिकामे डबे गॅरेजमध्ये सोडू नका, फोडून टाका. तेच परत भरले जातात.

इंजिनात आधीच हे भरलं गेलं असेल तर एकदा बदलून भागत नाही. १३ पैकी साडेतीन लिटर आत राहतं, म्हणजे २७ टक्के. थोडे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा बदललं की सात टक्के उरतं, ते चालण्यासारखं आहे. दोन्ही वेळा फिल्टर नवा, आणि काढलेला फिल्टर कापून पन्हळीत चमचमणारा चुरा आहे का पाहा. असेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढून लोब तपासल्याशिवाय गाडी पळवू नका. या दोन बदलांना १९ लिटर चांगलं ऑइल लागतं, आणि ग्राहक कार्यालयाच्या अर्जात त्यासाठी रकानाच नाही.