विश्रामबागेतली गेटची रविवारची टेस्ट सिरीज : चाचण्या घ्या, नोट्स राहू द्या

सांगलीत गेटच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, कॉम्प्युटर सायन्स पेपरची तयारी करणाऱ्यांसाठी विश्रामबागेतल्या या केंद्रात संध्याकाळचे तास आणि दर रविवारी संगणकावरची चाचणी अशा दोन सोयी आहेत. फी दोन्हींची एकत्र भरता येते किंवा नुसत्या चाचण्यांची. नुसत्या चाचण्यांची भरावी.

चाचणी अगदी मन लावून घेतात. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. त्यात अ‍ॅप्टिट्यूडचे १० प्रश्न १५ गुणांना आणि बाकीचे ५५ प्रश्न ८५ गुणांना, म्हणजे खऱ्या पेपरचाच साचा. साडेनऊला पेपर उघडतो, साडेबाराला आपोआप बंद होतो. कीबोर्ड काढून ठेवलेला असतो आणि इथेच या केंद्राचं मोल आहे. घरी मोबाइलवर पेपर सोडवताना मुलं शेजारी स्वतःचा कॅल्क्युलेटर ठेवतात. परीक्षेत तो चालत नाही. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर माउसनेच दाबावा लागतो आणि उत्तराचे आकडेही स्क्रीनवरच्या बटणांनीच भरावे लागतात. त्यावरचं साधं लॉगचं बटण दहाच्या पायाचं असतं. दोनच्या पायाचा लॉग काढायला त्या उत्तराला ०.३०१० ने भागलं तरी चालतं, पण हात बसलेला नसेल तर एवढ्यातच दीड-दोन मिनिटं जातात.

चाचणीनंतर दुसऱ्या दिवशी पेपर फळ्यावर सोडवून देतात. हा तास चुकवू नये. नुसतं उत्तर सांगून थांबत नाहीत, चुकीचं उत्तर कुठून आलं तेही दाखवतात. उदाहरणार्थ प्रोसेसरच्या पाइपलाइनचा (सूचना टप्प्याटप्प्याने, एकामागोमाग पार पाडण्याचा) प्रश्न : पाच टप्पे १५०, १२०, १६०, १४० आणि १३० पिकोसेकंदांचे, टप्प्यांमधल्या रजिस्टरचा उशीर १०, अडथळा एकही नाही, इन्स्ट्रक्शन १००. क्लॉक सगळ्यांत संथ टप्प्यावर ठरतो, म्हणून १६० अधिक १०, म्हणजे १७०. एकूण वेळ (५ + ९९) × १७० = १७,६८० पिकोसेकंद, अर्थात १७.६८ नॅनोसेकंद. रजिस्टरचा उशीर विसरलात की १६.६४ येतं. पर्याय नसलेल्या प्रश्नात आपण चुकलोय हे सांगायला समोर काहीच नसतं. नेटवर्कच्या गणितातही तेच. किलोबाइट १०२४ चा धरायचा की १००० चा, हे प्रश्नातच पाहायचं. १ मेगाबिट प्रति सेकंद वेगाच्या लिंकवर एक किलोबाइट पाठवायचा तर एक उत्तर ८.१९२ मिलिसेकंद, दुसरं ८.

निकालपत्रात चुका चार रकान्यांत मांडून मिळतात : संकल्पना माहीत नाही, आकडेमोड, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज. अंदाजाचा रकाना आधी पाहा. दोन गुणांचा, एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न चुकला की दोन तृतीयांश गुण कापले जातात, म्हणजे असे तीन चुकले की हातचे दोन गुण गेले.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना त्यांचं सॉफ्टवेअर अर्धवट उत्तरालाही गुण देतं. गेटमध्ये तसं नाही. तीनपैकी दोनच बरोबर पर्याय निवडले तर शून्य. चुकल्याबद्दल वजाबाकी मात्र नाही. त्यामुळे इथला स्कोअर फुगलेला दिसतो. हे प्रश्न हाताने पुन्हा तपासून स्वतःचा खरा आकडा काढावा. केंद्राने हे लवकर दुरुस्त करायला हवं, कारण याच आकड्यावर मुलं कुठे अर्ज करायचा ते ठरवतात.

नोट्स जुन्या आहेत. त्यांत कोकोमो, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, वॉटरफॉल मॉडेल अशा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या विषयांवर जाडजूड प्रकरण आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि वेब टेक्नॉलॉजी हे दोन्ही भाग २०१६ पासून गेटच्या या पेपरात नाहीत. यूजीसी नेटच्या (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेच्या) कॉम्प्युटर सायन्समध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आहे, त्यामुळे नेट देणाऱ्यांनी ते प्रकरण जरूर वाचावं. गेटवाल्यांनी तेवढे दिवस डिस्क्रीट मॅथ्सला द्यावेत, त्यावरचे प्रश्न इथल्या चाचण्यांत कमीच पडतात.

पूर्ण पेपर ऑगस्टपासूनच सुरू करतात, ते फार लवकर होतं. निम्मा अभ्यासक्रम बाकी असताना पूर्ण पेपर दिला की चांगला पेपर वाया जातो. ऑक्टोबरपर्यंत विषयवार चाचण्या द्याव्यात आणि पूर्ण पेपर नोव्हेंबरपासून मागून घ्यावेत. तारीख बदलून देतात. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागलं की सांगलवाडीकडच्या मुलांना येता येत नाही, त्या आठवड्याचा पेपरही पुढे देऊ देतात. दुपारच्या सत्राची, अडीच ते साडेपाचची, चाचणी मात्र इथे होत नाही. जेवणानंतर तीन तास सलग बसायची सवय करायची असेल तर निदान दोन पेपर दुपारी ठेवायला सांगा. तिसऱ्या वर्षाच्या चार-पाच मुलांनी मिळून मागणी केली तर ते मान्य होण्यासारखं आहे.