मूलद्रव्यांचे नमुने: अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात की काचेच्या कपाटात?

दिवाणखान्यात मूलद्रव्यांचे खरे नमुने मांडायचे ठरवले, की दोन मार्ग समोर येतात. एक म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात नमुने कायमचे बसवलेली तयार आवर्तसारणी घेणे, आणि दुसरा म्हणजे एकेक नमुना जमवत काचेच्या कपाटात स्वतःची सारणी उभी करणे.

ठोकळा पुसायला सोपा असतो आणि सगळी सारणी एका नजरेत दाखवतो. मात्र त्यातले नमुने बहुधा चिमुकले असतात. शिवाय सोडियमसारखा धातू थेट अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवलेला असेल, तर तो हळूहळू काळवंडण्याची शक्यता असते. म्हणून तो आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद काचनळीत आहे ना, याची खात्री आधीच करून घ्यावी.

कपाटाची खरी श्रीमंती हाताला कळते. एकाच मापाचे दोन घन दोन तळहातांवर ठेवावेत: मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटीमीटरला १.७४ ग्रॅम, तर टंगस्टनची १९.३ ग्रॅम असल्याने एक हात जणू रिकामाच राहतो आणि दुसरा चटकन खाली जातो. बिस्मथच्या पायऱ्यापायऱ्यांच्या स्फटिकावर ऑक्साइडच्या पातळ थरामुळे गुलाबी, पिवळी, निळी झाक खेळते, आणि सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळणारे गॅलियम बंद कुपीतच हाताच्या उबेने ओघळू लागते. हा आनंद ठोकळा देऊ शकत नाही.

तरीही ब्रोमीन आणि पारा या विषारी द्रवांच्या काचनळ्या फुटण्याचा धोका खराच आहे. घरात लहान मुले असतील तर मी ठोकळाच सुचवेन. नसतील तर निःसंशय कपाट.