१२ जीबी ग्राफिक्स म्हणे! स्वस्तातला तयार गेमिंग पीसी गळ्यात मारतात तो असा

जाहिरात अशी : 'नवीन असेंबल, रायझन ५, ६ कोअर, १६ जीबी ३२०० रॅम, १२ जीबी ग्राफिक्स, ५१२ एसएसडी, ५०० वॅट, ओरिजिनल विंडोज, ४ आरजीबी पंखे.' यात धडधडीत खोटा म्हणून पकडता येईल असा एक शब्द काढून दाखवा. नाही सापडणार. हे लोक खोटं बोलत नाहीत, अर्धवट बोलतात, आणि पुढे तक्रार केली की नेमकं तेच त्यांच्या कामी येतं.

कॅबिनेटमधून निघालं ते असं : रायझन ५ ५५०० प्रोसेसर, आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, कंपनीचं नाव नसलेला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि आधीच ९,४१२ तास चाललेली एसएसडी. म्हणजे वर्षभराहून जास्त अखंड. 'नवीन असेंबल' लिहिलं होतं ना? असेंबल नवीन, माल जुना!

मग १२ जीबी आले कुठून? जाहिरातीसोबत विंडोजच्या डिस्प्ले प्रॉपर्टीजचा फोटो होता. त्यात 'टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी : १२,२५१ एमबी' ही ओळ स्वच्छ दिसत होती, आणि फोटो तिथेच संपत होता. त्या खिडकीत या ओळीखाली आणखी तीन ओळी असतात. डेडिकेटेड (कार्डावरची खरी मेमरी) ४,०९६, सिस्टिम ०, शेअर्ड ८,१५५. त्या तिन्ही कापलेल्या. शेअर्ड म्हणजे तुमच्याच रॅममधून उसनी धरलेली अर्धी मेमरी. ती कार्डावर नसतेच. पकडायची जागा होती ती हीच. त्या खिडकीचा फोटो कुणी पहिल्या ओळीखाली कापत नाही. कापलाय म्हणजे खाली लपवण्यासारखं काहीतरी आहे.

आता 'आधी माहिती काढायला नको का' असं सुनावणारे भेटतीलच. अहो, माणूस तयार पीसी घेतो तोच मुळी भाग जुळवण्याची डोकेदुखी नको म्हणून. सगळं ठाऊक असतं तर स्वतःच नसता का जोडला? 'तुम्ही फक्त प्लग लावा आणि खेळा' असं सांगून विकायचं, आणि नंतर गिऱ्हाइकालाच अडाणी ठरवायचं, हे भलतंच.

खरी गोम कार्ड आणि प्रोसेसरच्या जोडीत आहे. ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाला बाकी पीसीशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत आणि ते कार्ड पीसीआयई ४.० धरून बनवलेलं आहे. रायझन ५ ५५०० फक्त ३.० देतो. म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता ४ जीबीवर येतो. कार्डावरची मेमरी सेकंदाला १४४ जीबी वेगाने चालते, पण ती ४ जीबी भरली की उरलेली टेक्स्चर्स (गेममधल्या भिंती, जमीन वगैरेंवर चढवलेली चित्रं) या अरुंद बोळातून साध्या रॅममधून आणावी लागतात. आणि रॅम कशी? एकच स्टिक, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद, म्हणून ३२०० ऐवजी २१३३ वर. दोन स्टिक ३२०० वर असत्या तर सेकंदाला ५१ जीबी मिळाले असते, इथे १७. त्यामुळे सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) बरा दिसतो आणि गेम मात्र दर वळणावर अडखळतो. विक्रेत्याच्या व्हिडिओत हलका गेम लो सेटिंगवर चालत असतो, तो अडखळेल कशाला?

पीसीतले भाग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये २१३३ ची रॅम १,०६६ दिसते, त्याने घाबरू नका, डीडीआरचा आकडा तिथे अर्धाच येतो. 'चॅनल' समोर सिंगल (किंवा नव्या आवृत्तीत '१ x ६४-बिट') लिहिलंय का ते बघा, म्हणजे एकच स्टिक चालतेय.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली १८ ॲम्पिअर. गुणाकार करा : २१६ वॅट. प्रोसेसर ६५, कार्ड १०७, झाले १७२. उरलेल्या ४४ मध्ये बोर्ड, पंखे, एसएसडी आणि कार्डाच्या क्षणिक उसळ्या. गेम रंगात आला की स्क्रीन काळी, पीसी रीस्टार्ट, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१, म्हणजे पीसी नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाल्याची नोंद. यावर कस्टमर केअरचा सल्ला काय, तर विंडोज पुन्हा टाका!

आणि मग सुरू होते टोलवाटोलवी. विक्रेता म्हणतो, वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे. विक्रीचं संकेतस्थळ आधी फोटो मागतं, मग पेटी उघडतानाचा व्हिडिओ, मग 'प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलंय' म्हणून गप्प, तोवर परतीची मुदत संपते. कॅबिनेट उघडलं तर सील तुटलं म्हणून वॉरंटी गेली. न उघडता एसएमपीएसचं लेबल वाचायचं कसं, ते कुणी सांगत नाही. कार्डाची कंपनी म्हणते, ज्याने पीसी जोडला त्याला विचारा. बँक म्हणते, माल पोहोचला ना? पोलीसही तेच : वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली? पीसीऐवजी वीट निघाली असती तर बहुधा कुणीतरी कागद तरी हातात घेतला असता.

म्हणून तक्रारीत 'पीसी स्लो आहे' असं चुकूनही लिहू नका. '१२ जीबी सांगून ४ जीबी दिले, वस्तू वर्णनाशी जुळत नाही' असं लिहा, लेखी, परतीच्या मुदतीत. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढा, नंतर ती पानं बदलतात. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. इंटेलचा 'आय७' प्रोसेसर म्हटलं तर कुठल्या पिढीचा? २०१३ चा ४७७० सुद्धा आय७च आहे, आणि त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. 'जीटी १०३०' कार्ड म्हटलं तर मेमरी जीडीडीआर५ की डीडीआर४? नाव एकच, पण डीडीआर४ वाल्यात मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश. 'आरटीएक्स ३०५०' कार्ड म्हटलं तर ६ जीबी की ८? ६ वाल्यात कोअरही कमी असतात.

पीसी घरी आला की पहिल्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे एसएसडी आधी किती तास चालली, ते वाचा. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड दिसतं तेवढ्यावर विसंबू नका. 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' कमांडने तारीख दाखवली तर ती १८० दिवसांची उधारी आहे, कायमचा परवाना नाही. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये कार्डाच्या नावाआधी 'फेक' आलं तर पुढे काही तपासू नका, थेट परत पाठवा. मग कार्डावर ताण टाकणारा फरमार्क आणि प्रोसेसरवर ताण टाकणारा सिनेबेंच एकदम अर्धा तास चालवा. बंद पडला तर पडू दे, मुदतीत पडलेला बरा.

परत घेतच नसतील तर आधी एसएमपीएस बदला, कारण तो मेला तर बाकीच्यांना घेऊन मरू शकतो. मग तशीच दुसरी स्टिक, बायोसमध्ये एक्सएमपी चालू, आणि टेक्स्चर एक पायरी खाली, म्हणजे ४ जीबीत मावतील. कार्ड सगळ्यात शेवटी, आणि या प्रोसेसरवर चार लेनचं पुन्हा नको.