बशीत चहाच राहत नाही!

लेकीला यंदा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा बोजारा (नंदी घेऊन गेलं की घरोघरी हातावर ठेवतात ते पैसे) ३१० रुपये जमला. लाकडी नंदी घेऊन अख्खं गाव फिरली, पावसात भिजली, रात्री शिंकत शिंकत पैसे मोजले. त्या पैशांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं. आर्वीला एका भांड्याच्या दुकानात स्टीलची चहाची भातुकली टांगलेली तिनं उन्हाळ्यातच हेरून ठेवली होती. किंमत ३५०. वरचे ४० माझे, म्हणून हे लिहायचा थोडा हक्क माझाही.

खोक्यात सहा कप, सहा बश्या, किटली, साखरदाणी, दुधाचं भांडं आणि ट्रे. दिसायला झकास. औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून पाहिलं तर किटलीत जेमतेम ११० मिली मावतं आणि कपात काठोकाठ २०. म्हणजे किटली एकदा भरली की पाच कप, सहाव्याला ठेंगा. सहा कपांच्या सेटला सहा कपांची किटली का नसावी, हे मला अजून कळलेलं नाही.

आमंत्रण सहा जणांना होतं, पोट्टे आले अकरा. गावात असंच होतं, एकाला बोलावलं की त्याचं भावंड कडेवर येतंच. ओसरीवर सतरंजी टाकली. मुरमुऱ्यात कांदा, फल्लीदाणे, सांबार (म्हणजे कोथिंबीर) कालवला, वर लिंबू पिळलं. टोस होतेच. चहा मात्र पत्तीचा केला नाही. एवढ्याशा पोरांना कॅफीन कशाला? शिवाय चहातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत मोठ्या माणसांनाही सांगितलंय. आम्ही मोरीजवळचा गवती चहा तोडला, आलं किसलं, दूध घालून उकळलं. गूळ गॅस बंद केल्यावर, थोडं निवल्यावर घातला, नाहीतर दूध फाटतं. पहिल्या वेळी घाई केली होती, अर्धा लिटर नासलं. ते सासूबाईंनी आटवून खाल्लं, तो भाग वेगळा.

लेक यजमानीण. पदर म्हणून माझी ओढणी. किटली उचलली, वाकवली, आणि चहा तोटीतून कपात पडायच्या ऐवजी किटलीच्या पोटावरून ओघळून सतरंजीवर. जोरानं वाकवली तर धार कपात पडते, पण मग झाकण निसटतं. शेवटी एका हातानं झाकण दाबून धरायचं ठरलं. हे काम दुसऱ्या एका पोरीनं इतक्या गंभीरपणे केलं की तिनं स्वतः चहा प्यायलाच नाही.

खरी गंमत बशीची. आमच्याकडे लहान पोरांना चहा बशीतच देतात. बशीत ओतायचा, फुंकायचा, भुरका मारायचा. आजी तशी पिते, म्हणून नातवंडंही. पहिल्या पोट्ट्यानं कप बशीत उपडा केला आणि सगळा चहा मांडीवर. ही बशी सपाट आहे, ताटलीसारखी. मधे कप बसायला एक कडं आणि काठ नावालासुद्धा नाही.

"बशीत त काहीच ऱ्हायत नाही वो आजी!"

सासूबाईंनी बशी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "हे बशी नोहे बाप्पा, झाकण होय," म्हणाल्या आणि आत जाऊन लोणच्याच्या वाट्या घेऊन आल्या. पुढची पार्टी वाट्यांवर झाली. अकरा जणांचे भुरके एकदम सुरू झाले तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून गेल्या.

स्टील एकेरी आहे, त्यामुळं कप लगेच तापतो. चहा आधी कोमट करूनच किटलीत भरावा. एका कपाचा कान त्याच दिवशी जोडापासून सुटला, बशीचा काठ एका ठिकाणी धारदार लागला. तो कानशीनं घासून घेतला. साखरदाणीचं बोंडुक एका दोन वर्षांच्या पाहुण्यानं थेट तोंडात घातलं, ते काढेपर्यंत माझा जीव वर. तीन वर्षांखालचं पोर घरात असेल तर हा सेट फळीवरच बरा. घरी येऊन खोकं पाहिलं तर आयएसआयची खूण नव्हती. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, हे भांडे होय, खेळणं नोहे." मग त्यात चहा का राहत नाही भाऊ?

घ्यायचा असेल तर दुकानातच किटलीत पाणी भरून ओतून पाहा, लाजू नका. कपाचा कान हलवून पाहा. बशीवर बोट फिरवा, काठ वर आलेला असेल तरच घ्या. नुसतं खोटं खोटं खेळायला हरकत नाही, ट्रे आणि दुधाचं भांडं छान आहेत, लेक त्यात रोज मातीची साय काढते. खऱ्या चहासाठी मात्र पाचपैकी दोन चांदण्या, त्यातली एक बोजाऱ्याच्या पैशाची लाज म्हणून.

किटली सध्या देवघरात असते, सासूबाई तिनं समईत तेल घालतात. तेलही ओघळतंच.