नकाशे काढतानाच कॉन्ट्रॅक्टरला सोबत घेतला, ५ पैकी ३ स्टार

कोपरखैरणेचं जुनं सिडकोचं रो हाऊस पाडून नवीन बांधायचं होतं, तेव्हा आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या की नकाशे फायनल व्हायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टरला मीटिंगला बसवूया, नंतरची भांडणं वाचतील. नाव लिहीत नाहीये, माणसं वाईट नाहीत.

फायदा झाला हे खरं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की स्कूटी पण अंग चोरून जाते, तिथे आरएमसीची (तयार काँक्रीट आणणारी) गाडी येणारच नाही हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. शेजारच्यांची भिंत चिकटून आहे, पाया टप्प्याटप्प्याने खणा, हेही त्याचंच.

पण मग कॉलमचं सुरू झालं. आरसीसीवाल्यांनी, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरने, ३०० मिमीचे (साधारण १२ इंची) कॉलम दाखवले, आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत कमीत कमी तेवढी रुंदी लागतेच, तर कॉन्ट्रॅक्टर म्हणे इथे सगळे ९ इंचीच टाकतात, भिंतीत लपतो, कपाट सरळ बसेल. झालं, घरचे सगळे त्याच्या बाजूला! आई म्हणते, "त्यांचं रोजचं काम आहे, त्यांना कळत नसेल का?" तीन आठवडे यात गेले आणि नंतर कळलं की त्याच्याकडे ९ इंचाच्या सेंट्रिंगच्या प्लेटा (काँक्रीट ओतायचे साचे) पडून होत्या. आरसीसीवाले म्हणाले मग मी सही करत नाही, तेव्हा कुठे विषय मिटला.

पैशाचं तर विचारूच नका. आधी नुसता अंदाज, पक्का आकडा ड्रॉइंग झाल्यावर, आणि तोपर्यंत आम्ही ऐरोलीला भाड्याने राहायला गेलेलो, घर रिकामं. आकडा आला तो अंदाजाच्या बराच वर. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरांकडे कोटेशन मागितलं तर ते म्हणाले, त्यानेच बसून ठरवलंय ना, मग त्यालाच द्या. कोणी करणार असाल तर सल्ल्याची फी वेगळी ठरवून देऊन टाका, म्हणजे रेट नाही पटला तर नमस्कार करून निघता येतं. आम्ही फुकटात सल्ला घेतला आणि अडकलो.

आणि मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहून ठेवा हो. जिना फिरवायची आयडिया त्याची, ड्रॉइंग मॅडमचं, हो म्हणणारे आम्ही. आता बाथरूमचा दरवाजा उघडला की पहिल्या पायरीला आपटतो, आणि तोडफोडीचा खर्च कोणाचा यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतायत.