डेटाबेसचे बदल पाइपलाइनमध्ये आणायचे आहेत: माइग्रेशन स्क्रिप्ट की स्टेट?

कोड गिटमध्ये आहे, बिल्ड आणि टेस्ट आपोआप होतात, पण रिलीजच्या रात्री डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) मेलवर एक एसक्यूएल फाइल पाठवली जाते. डेव्हऑप्स स्वीकारलेल्या अनेक टीमची गाडी इथेच अडते. कारणही साधं आहे. कोडची नवी आवृत्ती बिघडली तर जुनी पुन्हा चढवता येते. कॉलम काढून टाकला तर त्यातला डेटा जुना कोड चढवून परत येत नाही. त्यामुळे डेटाबेससाठी पद्धत निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: ही पद्धत डेटाला काय करते?

माइग्रेशन पद्धतीत प्रत्येक बदल म्हणजे क्रमांक दिलेली एक फाइल. फ्लायवे आणि लिक्विबेस ही इथली मुरलेली टूल्स. कोणती फाइल चालली याची नोंद ती डेटाबेसमधल्याच एका टेबलमध्ये चेकसमसह (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यासह) ठेवतात, त्यामुळे चाललेल्या फाइलला नंतर कुणी हात लावला तर लगेच कळतं. स्टेट पद्धतीत गिटमध्ये फक्त स्कीमाचं, म्हणजे टेबलं-कॉलमांच्या रचनेचं, अंतिम रूप असतं. टूल ते चालू डेटाबेसशी ताडून पाहतं आणि फरकाचं एसक्यूएल स्वतः लिहितं. एसक्यूएल सर्व्हरवर एसएसडीटी (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस टूल्स) आणि त्याचा डॅकपॅक, म्हणजे स्कीमाची बांधलेली फाइल, असंच काम करतात.

आता ‘फोन’ या कॉलमचं नाव ‘मोबाइल’ करायचं आहे असं धरा. माइग्रेशनमध्ये तुम्ही रिनेम लिहिता, विषय संपला. नुसती तुलना करणाऱ्या टूलला मात्र एक कॉलम गेला आणि एक नवा आला एवढंच दिसतं. एसएसडीटीमध्ये रिफॅक्टर मेनूतून नाव बदललं तर त्याची वेगळी नोंद राहते; फाइलमध्ये हातानं बदललं तर राहत नाही. डेटा जाण्याची शक्यता दिसली की डिप्लॉय (बदल चढवणं) थांबवणारं सेटिंग मुळातच चालू असतं. घाईच्या रिलीजमध्ये ते बंद करण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे.

एका कॉलममधलं पूर्ण नाव दोन कॉलममध्ये विभागायचं असेल तर अडचण वाढते. डेटा कसा हलवायचा हे अंतिम रूपात लिहिताच येत नाही. त्यासाठी डिप्लॉयच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या प्री आणि पोस्ट डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट आहेत, पण त्या प्रत्येक डिप्लॉयला चालतात, म्हणून पुन्हा चालल्या तरी बिघडणार नाही अशा लिहाव्या लागतात. शिवाय फरकाचं एसक्यूएल प्री-स्क्रिप्ट चालण्याआधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तिनं केलेला बदल त्यात धरलेला नसतो. ही गोष्ट माहीत नसेल तर अख्खी दुपार जाते.

स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड) आणि व्ह्यूंचा (साठवलेल्या क्वेरींचा) पसारा मोठा असेल तर पारडं स्टेटकडे झुकतं. प्रोसिजरची एकच फाइल, कुठली ओळ कधी बदलली ते गिटमध्ये स्वच्छ दिसतं. माइग्रेशनवाल्यांसाठी फ्लायवेच्या रिपीटेबल फाइल्स आहेत. मजकूर बदलला की त्या पुन्हा चालतात. प्रोसिजरपुरतं तेवढं पुरतं.

प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर) कुणी हातानं इंडेक्स टाकला तर माइग्रेशन टूलला सहसा पत्ता लागत नाही. स्टेट टूल तो पकडतं, पण सेटिंग नीट न पाहिल्यास काढूनही टाकतं.

दोन्ही पद्धती जिथे हात टेकतात ती जागा म्हणजे लॉक (टेबल वापरात असताना इतरांना थांबवणारं कुलूप) आणि अर्धवट राहिलेला बदल. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक डीडीएल (स्कीमा बदलणारे आदेश) ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, म्हणजे मध्येच अडलं तर सगळं मागे घेता येतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये डीडीएलबरोबर आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल तिथल्या तिथे पक्का होतो, म्हणून तिथे एका फाइलमध्ये एकच बदल ठेवा. पोस्टग्रेसमध्ये एखादी लांबलेली क्वेरी चालू असताना आल्टर टेबल आलं तर ते तिच्यामागे थांबतं, आणि त्या टेबलच्या पुढच्या साऱ्या क्वेरी त्याच्यामागे रांग लावतात. लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) लावल्याशिवाय असा बदल सोडू नका. 2018 च्या पोस्टग्रेस 11 पासून स्थिर डीफॉल्टसह कॉलम जोडताना पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, पण जुन्या सर्व्हरवर ती सवलत नाही. मोठ्या बदलासाठी टप्पे करा: आधी नवा कॉलम, मग कोड दोन्हीकडे लिहील, मग जुना डेटा भरणं, मग वाचन नव्या कॉलमवर, आणि सगळं स्थिरावल्यावरच जुना कॉलम काढणं. हे टप्पे माइग्रेशन फाइल्समध्ये सहज उतरतात, म्हणून डेटा महत्त्वाचा असलेल्या टीमला मी माइग्रेशनच सुचवेन. एसक्यूएल सर्व्हर, शेकडो प्रोसिजर आणि क्वचित बदलणारी टेबलं असतील, तर एसएसडीटी घ्या. मात्र तयार झालेलं एसक्यूएल माणसानं वाचल्याशिवाय प्रॉडक्शनवर जाऊ देऊ नका.

जुना डेटाबेस असेल तर प्रॉडक्शनचीच स्कीमा उतरवून बेसलाइन (सुरुवातीचा पाया) करा, डेव्हलपमेंटची नको. दोन्हींत फरक निघाला, तर पहिलं काम तो मिटवण्याचं.